धुतलेल्या खडीचं अंगण

मामंजी,

काल आपल्या चिखलीच्या घरापुढे सिमेंट पडलं आणि तुमची अशी काही आठवण आली, की आज सकाळी चहा झाल्याझाल्या नातवाकडून एक कोरी वही मागून घेतली आणि खिडकीशी बसले. तीर्थरूप, साष्टांग नमस्कार वगैरे लिहीत नाही. ते लिहायला घेतलं की माझा हात आखडतो आणि पत्र 'इकडील सर्व क्षेम' याच्या पुढे सरकत नाही. शिवाय तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, मीही ऐंशी कधीच ओलांडली. सासरा आणि सून म्हणून पाळायचं ते सगळं पाळून झालंय आपलं.

झालं असं. नातवाने जुन्या घराच्या जागी दोन मजली घर बांधलंय. पुढे मोटार उभी करायला जागा सोडली आहे. तिथे काय घालायचं यावर घरात पंधरा दिवस खल चालला होता. फरशी नको, ओली झाली की आजी घसरेल. ब्लॉक नकोत, ते सगळ्यांकडेच आहेत. शेवटी एका संध्याकाळी तो मोबाइल घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "आजी, हे बघ. हल्ली नवीन निघालंय. सिमेंट पुरतं वाळायच्या आत वरून धुवायचं, मग आतली खडी उघडी पडते. दिसायलाही भारी आणि पाय घसरत नाही." नवीन निघालंय म्हणे! मी इतकी हसले की सून स्वयंपाकघरातून धावत आली, म्हातारीला ठसका लागला की काय ते बघायला.

काल नातवाने ठरवलेला कारागीर आला. लातूरकडचा, तिशीतला, कामाला चोख आणि बोलायला गोड. त्याने सिमेंट घातलं, फळीने सारखं केलं आणि एका कॅनमधलं निळसर पाणी पंपाने वरून फवारलं. मी खुर्ची टाकून समोरच बसले होते. म्हटलं, हे काय रे बाबा? तर म्हणतो, "औषध हाय आजी. ह्यानं वरचा थर कच्चा ऱ्हातो बघा, खालचा पक्का व्हतो. मग धुतलं की खडी वर येती." त्यात असतं काय, असं विचारलं. "काय की. साखरंसारखं कायतरी असतंय म्हणत्यात." मामंजी, मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मला का हसू फुटतंय हे कळणारं त्या अंगणात एकही माणूस नव्हतं. तुम्ही नव्हता, आत्याबाई नव्हत्या, आणि ती म्हैसही नव्हती.

मी तुमच्या घरात आले तेव्हा सोळा वर्षांची होते. माहेर चाकणकडचं, कांद्याची शेती, घरात सतरा माणसं आणि बडबडीत माझा हात धरणारं त्यात कुणी नाही. सातवीपर्यंत शाळा शिकले ती निम्मी बाकावर उभी राहून, बोलल्याबद्दल. लग्न होऊन चिखलीला आले आणि पहिल्याच दिवशी तुमच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, मला घरची रीत सांगितली. सून सासऱ्याशी बोलत नाही. समोर यायची वेळ आली तर पदर पुढे ओढायचा. काही सांगायचं असेल तर ते आत्याबाईंना सांगायचं, त्या तुम्हाला सांगणार. त्या काळी घरोघरी हेच होतं, त्यात आपल्याच घराला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण आमचे हे खडकीला कारखान्यात, तिथेच राहून महिन्यातून एकदा घरी येणारे, आत्याबाई मोजकं बोलणाऱ्या, आणि माझ्या तोंडात तर शब्द नुसते वळवळायचे. मग मी अंगणातल्या म्हशीशी बोलायला लागले. शेण काढताना, पाणी दाखवताना, धार काढताना मी तिला घरातलं, माहेरचं, सगळं सांगायची. ती रवंथ करत ऐकून घ्यायची. त्या घरात माझी पहिली मैत्रीण तीच.

आणि तुम्ही! उंचेपुरे, मिशा पांढऱ्या, हात तर चुन्याने कायमचे पांढरे. तुम्ही चुन्याचे गवंडी. चुना भिजवणं, बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली मळणं, त्यात गुळाचं पाणी घालणं, हे सगळं तुमच्या वडिलांनी तुम्हाला शिकवलेलं. आसपासच्या दहा गावांत विहीर बांधायची म्हटली की तुम्हाला बोलावणं यायचं. पण तेव्हा पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, शेजारी साहेब लोकांचे बंगले, आणि तिथे सगळं काम सिमेंटचं. तुम्ही रोज दोन-अडीच कोस चालत तिथे जायचात आणि तुम्हाला, ज्यांना सगळं गाव मिस्तरी म्हणायचं, तिथे घमेली उचलायला लावायचे. सिमेंट येत नाही, मग काय करणार! संध्याकाळी घरी आलात की तुम्ही हातपाय धुऊन म्हशीशेजारच्या दगडावर बसायचात आणि जेवायला हाक मारेपर्यंत एक अक्षर बोलायचा नाहीत. मला तेव्हा वाटायचं, की सासरे असेच असतात.

एका शनिवारी मात्र तुम्ही जेवताना बोललात. मी चुलीपुढे भाकरी थापत होते, पाठ तुमच्याकडे, पण कान तुमच्याच ताटाशी. बंगल्यांच्या पुढची अंगणं कशी करायची याचं चित्र इंजिनिअरसाहेबांनी आणलं होतं. साधा कोबा नको, फरशीही नको. सिमेंटमधून गोल खडी दिसली पाहिजे, पावसाळ्यात पाय घसरता कामा नये. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, हे कुणाला येतं? आणि घमेलं खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "येतंय की साहेब."

"आवं, पर येतंय का तुमास्नी?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मंग म्हनला कशापायी?"

तुम्ही हातातला घास परत ताटात ठेवलात. मग म्हणालात, "कालची पोरं हुकूम सोडत्यात, आन मी घमेलं उचलतोय. तिथं तोंड उघडायची सोयच ऱ्हायली न्हाई. आज एकदा उघडलं, आन हे निघालं."

माझी तव्यावरची भाकरी करपली, इतकं ते मला पटलं. साहेबांनी तुम्हाला सिमेंटचं एक पोतं दिलं होतं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, दुसरं पोतं मिळायची बातच नव्हती. तुम्ही आपल्या अंगणात नमुना करायचा आणि पुढच्या रविवारी दुपार कलल्यावर साहेब स्वतः चिखलीला येऊन बघणार. पसंत पडला तर सगळ्या बंगल्यांच्या अंगणांचे मिस्तरी तुम्ही. नाही पडला तर मुंबईहून माणसं येणार, आणि तुम्ही त्यांच्यापुढे घमेली उचलणार, वर थापाड्या म्हणून हसं होणार ते वेगळं. तुम्ही पोत्याचे तीन वाटे केलेत. तीनदा चुकता येईल एवढंच सिमेंट, असं आत्याबाई म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, दोनदा.

दुसऱ्या दिवशी रविवारी तुम्ही घरीच होता. आत्याबाई आणि मी इंद्रायणीच्या पात्रातून टोपल्या भरून खडे आणले. सुपारीएवढेच घ्यायचे, सपाट टाकून द्यायचे. काळे, तांबूस, पांढरे, मधूनच एखादा हिरवट. नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून खडे निवडायचे, याला काम म्हणायचं म्हणजे कमालच! मी आत्याबाईंना पहिल्यांदा मोठ्याने हसताना तिथे ऐकलं. घरी येऊन बघतो तर तुम्ही होळीच्या पोळ्यांसाठी ठेवलेली गुळाची ढेप फोडून सगळी घागरीत विरघळवलेली.

"आवं, माझ्या पोळ्या!" आत्याबाई दारातूनच ओरडल्या.

"पाया घट व्हायचा तर गूळ लागतुया. माझ्या बापानं कंदी गुळाबिगर चुना लावला न्हाई."

"ह्यो चुना हाय का?"

"चुन्याचा भाऊच की."

तुम्ही गुळाच्या पाण्यात सिमेंट कालवलंत, खडे घातलेत, दोन हात लांब-रुंद असा चौकोन दारासमोर घालून छान दाबून बसवलात. सोमवारी तो ओला. मंगळवारीही ओला. बोट टेकवलं की आत जायचं. बुधवारी सकाळी आपली कोंबडी त्यावरून चालत गेली आणि प्रत्येक पावलाला एक खडा उपटून निघाला. सिमेंटला गूळ बाधतो हे आता कुणीही सांगेल, पण तेव्हा आपल्या गावात सिमेंट पाहिलेलीच माणसं बोटांवर मोजण्याइतकी. तुम्ही म्हणालात सिमेंटच जुनं आहे. आत्याबाई म्हणाल्या, पोळ्यांचे तळतळाट लागले. मग फावड्याने तो सगळा लगदा खरडून तुम्ही गोठ्यामागे टाकून दिलात.

गुरुवारी तुम्ही तांबडं फुटायच्या सुमाराला शेजारीच दुसरा चौकोन घातलात, या वेळी बिनगुळाचा, आणि कामाला निघून गेलात. संध्याकाळी आल्यावर धुणार होता. जाताना आत्याबाईंना बजावून गेलात, की कुणी हात लावायचा नाही. तो दिवस मी विसरलेली नाही मामंजी. माझ्या आईने मला सारवलेल्या जमिनीला अंगठा टेकवून वेळ ओळखायला शिकवलं होतं. जमीन फार ओली असली तर रांगोळी पिऊन टाकते, फार वाळली तर रांगोळी उडून जाते. मधली एक वेळ असते, अंगठ्याला गारवा लागतो पण ठसा उमटत नाही. दुपारी म्हशीला पाणी पाजताना मी सहज त्या चौकोनाला अंगठा लावला, आणि नेमका तोच गारवा लागला. मी धावत आत्याबाईंकडे गेले. म्हटलं, आता धुवायला पाहिजे, संध्याकाळपर्यंत दगड होईल.

"त्यांनी हात लावू नगं म्हनलंय," आत्याबाई म्हणाल्या. "गवंड्याच्या कामात बायामानसांनी पडू न्हाई. आन त्या घागरीतलं उरल्यालं गुळाचं पानी फेकून दे आधी, घरभर मुंग्या झाल्यात."

मी घागर उचलली आणि रागारागात अंगणात रिकामी केली. थोडं पाणी त्या चौकोनाच्या कोपऱ्यावर उडालं. ते पुसायचं माझ्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी तुम्ही आलात, पाणी ओतलंत आणि शिंदीचा खराटा घेऊन घासायला बसलात. घासघास घासलंत. खराट्याच्या काड्या झिजल्या पण सिमेंट हलेना. फक्त एका कोपऱ्यात, वीतभर जागेत, वरची साय निघाली आणि इंद्रायणीचे खडे चमकत वर आले, काळे, तांबूस, पांढरे. तिथे सावली पडली असेल, असं तुम्ही पुटपुटलात. सावली कसली! ते माझं फेकलेलं गुळाचं पाणी. चुलीपुढून मला ते दिसलं आणि एका क्षणात सगळं कळलं. गूळ आत कालवला तर सगळंच कच्चं राहतं. नुसता वरून शिंपडला तर फक्त वरची साय कच्ची राहणार. मला कळलं आणि मी सांगू शकत नव्हते. आत्याबाईंना सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही खराटा आपटलात. "घरात दोनदोन मानसं दिसभर बसल्याली, आन येकीला कळलं न्हाई का हे वाळतंय म्हनून?"

मला अजूनही तो बोल आठवला की राग येतो, खरं सांगते. मला कळलं होतं. तुमच्या घरात ते कळलेली एकटीच मी होते, आणि तुमच्याशी बोलायची मनाई असलेलीही एकटीच मी. आत्याबाई खाली बघत राहिल्या आणि मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडले. ती आपली माझा पदर चघळत उभी.

पुढचे दोन दिवस मी आत्याबाईंच्या मागे लागले, पण गुळाचं नाव काढलं की त्यांचे कान बंद. तिसऱ्या चौकोनाला चांगले खडे कमी पडणार होते, म्हणून मी गोठ्यामागच्या लगद्यातून पहिले खडे हाताने वेचून काढले आणि घासून धुतले. सिमेंटने माझी बोटं सोलली. शनिवारी संध्याकाळी दोन्ही अंगठ्यांना चिंधी बांधून मी भाकरी केल्या.

रविवार उजाडला. तुम्ही शेवटचा वाटा कालवलात, दारासमोर पहिल्याच जागी चौकोन घातलात, थापीने सारखा केलात आणि दगडावर जाऊन बसलात. खराट्याकडे तुम्ही बघतही नव्हता. आत्याबाईंना म्हणालात, "न्हाई जमायचं. घोटून गुळगुळीत कोबा करतो आन साहेबास्नी सांगतो, मी खोटं बोललो." हातात थापी घेऊन तुम्ही उठलातसुद्धा. मी म्हशीला वैरण टाकत होते, पाच पावलांवर. पदर नाकापर्यंत ओढला होता. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हशीच्या कानापाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस का गं बाई? गुरुवारी त्या कोपऱ्यावर गुळाचं पाणी सांडलं होतं. तेवढीच साय कच्ची राहिली, म्हणून तेवढेच खडे वर आले. गूळ आत घालायचा नसतो गं, वरून शिंपडायचा असतो!"

 आत्याबाई दारात सूप धरून उभ्या. तुम्ही थापी हातात घेऊन जागच्या जागी. मग तुम्ही घसा खाकरलात आणि माझ्याकडे न बघता म्हशीलाच विचारलंत, "किती शिंपडायचं म्हनं?"

"तांब्याभर पुरे," मी म्हशीला सांगितलं.

"मंग आनाया सांग की कुनाला तरी."

"गूळ संपलाय गं, आत्याबाईंनी लपवून ठेवलेला एक खडा आहे फक्त, पिठाच्या डब्यात."

"ह्यो म्हशीला कसा ठाव?" आत्याबाई ओरडल्या, आणि मामंजी, तुम्ही हसलात. मी तुमचं हसू पहिल्यांदा ऐकलं. म्हैस सोडून सगळे हसले. आत्याबाई पाय आपटत आत गेल्या आणि गुळाचा खडा तांब्यात टाकूनच बाहेर आल्या.

तुम्ही लिंबाची डहाळी बुडवून सगळ्या चौकोनावर गुळाचं पाणी शिंपडलंत. आता वाट बघायची. ऊन चढलं. मुंग्या येऊ नयेत म्हणून आत्याबाईंनी भोवती राखेची रेघ ओढली. जेवणं झाली, म्हणजे वाढली गेली, कुणी जेवलं नाही. लवकर धुतलं तर खडेच निघून येणार, उशीर झाला तर गुरुवारसारखं. आणि सिमेंट संपलेलं. दुपार कलायला लागली तशी लांब वेशीपाशी सायकलची घंटी वाजली. साहेब आले होते, वाटेत कुणाला तरी घर विचारत होते. तुम्ही चौकोनापाशी उकिडवे बसलात, हातात खराटा, कपाळावर घाम. म्हशीला म्हणालात, "झालं का गं?" मी पदर आणखी पुढे ओढला. पुन्हा म्हणालात, "आगं, झालं का?" मग तुम्ही मान वळवलीत आणि म्हशीकडे नाही, सरळ माझ्याकडे बघितलंत. "सांग की पोरी. धुऊ का?"

मी पुढे आले, अंगठ्याची चिंधी सोडली, वाकून अंगठा टेकवला. आणि म्हणाले, "मामंजी, आता! आता धुवा."

माझा तुमच्याशी बोललेला पहिला शब्द तो. आत्याबाईंच्या हातातलं सूप पडलं. तुम्ही पाणी ओतलंत आणि खराटा चालवलात, हलक्या हाताने, लहान मुलाचे केस विंचरावे तसा. पांढरट, चिकट पाणी वाहायला लागलं आणि त्याखालून एकेक करून खडे वर आले. एकही निसटला नाही. सगळा चौकोन नदीच्या तळासारखा दिसायला लागला. साहेब सायकल धरून फाटकात उभे होते, त्यांनी शेवटच्या दोन घागरी ओतताना बघितल्या. सायकल भिंतीला टेकवून त्यांनी बूट काढले आणि ओल्या चौकोनावर अनवाणी उभे राहिले. एकदा पुढे गेले, एकदा मागे आले, टाच घासून बघितली.

"मिस्तरी, हे इतकं साफ कसं आलं? युक्ती काय केलीत?"

तुम्ही "माझ्या बापानं शिकवलं" म्हणू शकला असता. तुमच्या मिशांना ते शोभलंही असतं. तुम्ही खराटा माझ्याकडे रोखलात आणि म्हणालात, "सूनबाईला इचारा साहेब. येळ तिच्या अंगठ्याला कळती."

साहेब गेल्यावर आत्याबाईंनी मला फैलावर घेतलं. रीत मोडली, परक्या माणसासमोर मोडली, आता गाव काय म्हणेल. तुम्ही पाय धूत होता. तुम्ही वरही न बघता म्हणालात, "बोलू दे तिला. त्या मुकेपनापायी माझा एक वाटा सिमिट वाया गेलं. आजपासनं ह्या घरात ज्याला जे कळंल ते त्यानं बोलायचं." आत्याबाई जरा वेळाने म्हणाल्या, "मंग मी बी बोलू का? होळीला गूळ आना." दुसऱ्या दिवशी तुम्ही पिंपरीच्या निर्वासित कॅम्पातल्या दुकानातून गुळाची एक अख्खी ढेप खांद्यावर टाकून चालत घरी आलात. निम्मी पोळ्यांना, निम्मी बंगल्यांना. मला काथ्याचा एक नवा ब्रश आणलात, लाकडी मुठीचा. मला तेव्हा बांगड्या आणल्या असत्यात तर बरं वाटलं असतं. पण तो ब्रश मी अजून ठेवलाय, बांगड्या केव्हाच फुटल्या असत्या.

मग तुम्ही मिस्तरी झालात. आत्याबाई आणि मी डबा घेऊन पिंपरीला यायचो आणि प्रत्येक अंगणाला मी अंगठा लावून "आता" म्हणायची. घमेल्यांवरची माणसं थांबून बघायची. तुम्ही ऐटीत सांगायचात, "आमच्या सूनबाईचा अंगठा खोटं बोलत न्हाई." पुढे वीस-पंचवीस वर्षं तुम्ही येईल त्या पाहुण्याला ही गोष्ट सांगितलीत, दर वेळी म्हशीचा आवाज काढून. आणि आपण दोघं तर काय, बोलतच सुटलो. तुम्ही दगडावर, मी उंबऱ्यात. आत्याबाई म्हणायच्या, ही दोघं मुकी होती तेच बरं होतं. माझ्या बापाशी मी आयुष्यात जेवढं बोलले नाही, तेवढं तुमच्याशी बोलले.

काल संध्याकाळी त्या लातूरच्या कारागिराने आवराआवर केली तेव्हा मी अस्वस्थ झाले. म्हटलं, अरे, धुवायची वेळ निघून जाईल. तर तो हसून म्हणाला, "एकदा खालचा थर घट झाला, की औषध मारल्यावर घाई नसती आजी. आज न्हाई तर उद्या सकाळी धुवू." मघाशी मी हे लिहीत असतानाच तो आला, धुतलं, आणि खडी अगदी छान वर आली. जुन्या दारासमोरचा आपला चौकोन नातवाने फोडू दिला नाही, मधोमध तसाच ठेवलाय. नव्या खडीशेजारी तो जरा काळा दिसतो, पण एक खडा हललेला नाही. मी दोन्हींवर अनवाणी चालून बघितलं, साहेबांसारखी टाच घासून.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. गुळाच्या डब्याखाली घालून ठेवते. हल्ली या घरात गुळाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. फक्त एक सांगायचं राहिलंय. तुम्ही पाहुण्यांना ती गोष्ट सांगत असताना दर वेळी ओठावर यायचं आणि मी गिळायची. त्या रविवारी माझा अंगठा सोललेला होता, मामंजी. त्याला गारवा लागला नाही की ऊब. त्याने मला काहीच सांगितलं नाही. सांभाळून घेतलं ते गुळाने. पण तुम्ही पहिल्यांदाच म्हशीकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं होतंत, आणि मला तुमच्याशी बोलायचं होतं.